पाण्याखालचा पट

मी एक जुना पट आहे, मित्रांनो. वाघबकरीचा पट. लाकडाचा नाही, कापडाचा नाही, आणि बाजारात पुठ्ठ्यावर छापलेला मिळतो तसला तर मुळीच नाही. चाफवंडे गावात भैरोबाच्या देवळापुढं काळ्या दगडाचा ओटा आहे. त्या ओट्याच्या एका फरशीवर मला कोरलं आहे. आहे म्हणतो खरा, पण तुम्ही मला बघायला आलात तर वर्षातले बहुतेक महिने तुम्हाला नुसतं पाणी दिसेल. कोयनेवर धरण झालं आणि खोऱ्यातल्या कितीतरी गावांबरोबर आमचं चाफवंडंही बुडालं. उन्हाळा सरत आला की पाणी खाली जातं, ओटा उघडा पडतो, आणि थोडे दिवस मला ऊन लागतं.

मला डोळे नाहीत. आवाज ऐकू येतात, आणि बोटं कळतात. कोणाचं बोट खरखरीत, कोणाचं घामेजलेलं, कोण चाल करण्याआधी गारगोटी नुसतीच चाचपत बसतो, हे मला पाठ आहे. जिवंत माणसाच्या बोटाला ऊब असते. हे मुद्दाम आधी सांगून ठेवतो, कारण माझ्या हकिकतीत पुढं एक बोट असं येणार आहे की ज्याला ती नव्हती.

देवळाचं काम चाललं होतं तेव्हा एका पाथरवटानं मला कोरलं. त्याला तसं कोणी सांगितलं नव्हतं. भाकरी खाऊन झाली की तो सावलीत बसायचा आणि छिन्नीनं माझ्या रेघा ओढायचा. डोंगरासारखा एक त्रिकोण, त्याचा शेंडा देवळाकडं, पाया ओट्याच्या कडेकडं, आत उभ्या-आडव्या रेघा, आणि जिथं रेघा एकमेकींना मिळतात तिथं अंगठा बुडेल एवढा खळगा. खेळताना गारगोटी घरंगळू नये म्हणून त्यानं खळगे चांगले खोल केले. त्यामुळंच पुढं पाण्यातसुद्धा माझ्यावरच्या गारगोट्या जागच्या हलल्या नाहीत. त्याला बिचाऱ्याला पाण्याचं काय ठाऊक असणार?

खेळ तुम्हाला माहीत असेलच. नसला तर तो तुमच्या आजोबांचा दोष. एकाकडं तीन वाघ, दुसऱ्याकडं पंधरा बकऱ्या. वाघ म्हणजे खापराचे काळे तुकडे, बकऱ्या म्हणजे नदीतल्या पांढऱ्या गारगोट्या. वाघानं बकरीवरून उडी मारली की बकरी खाल्ली. बकऱ्यांनी मिळून वाघांना असं कोंडायचं की एकालाही हलता येऊ नये. संपले नियम. चुलीपुढं भाकरी होईपर्यंत पोराला शिकवून होतात, आणि तो पोरगा म्हातारा झाला तरी खेळ काही संपत नाही.

यात फासे नाहीत, कवड्या नाहीत. हरलात तर दैवाला दोष द्यायची सोय नाही. म्हणून माणसं चिडायची, पुन्हा तोंड बघणार नाही म्हणून उठून जायची आणि दुसऱ्या दिवशी जेवण आटोपून आधी येऊन बसायची. बांधावरून बोलणं सोडलेले दोन भाऊ माझ्यापुढं यायचे. तोंडातून शब्द काढायचे नाहीत, पण एकानं चांगली चाल केली की दुसऱ्याला हसू आवरायचं नाही. पुरुष शेतावर गेले की बाया जमायच्या. त्यांतली जाईबाई नवी नवरी होती तेव्हा जावांबरोबर वाघ घेऊन बसायची आणि जावांना अगदी रडकुंडीला आणायची. घरी सगळ्यांत खालच्या आवाजात बोलणारी ती, माझ्यावर मात्र भारी धीट होती. मला तिचं फार कौतुक वाटायचं.

गावात सगळ्यांत पट्टीचा खेळणारा म्हणजे आबा. तो कायम बकऱ्या घ्यायचा आणि कायम देवळाकडच्या बाजूला बसायचा. त्याची एक ठरलेली चाल होती. कोपऱ्यातली बकरी तो आपणहून वाघाच्या तोंडी द्यायचा. वाघ हावरटपणे उडी मारायचा आणि त्या कोपऱ्यात कायमचा अडकायचा. आणि आबाची एक रीतही होती. डाव अर्धा टाकून कोणी उठू लागला की तो त्याचं मनगट धरायचा. "बस. डाव पुरा झाल्याबिगर उठायचं न्हाई. उठला त्यो हरला." मग घरी गाय व्यायला टेकलेली असो, नाहीतर पाहुणे दारात उभे असोत, माणूस मुकाट्यानं बसायचा. पुढं पुढं लोक त्याच्यासमोर बसायचंच टाळू लागले.

आता ज्यांची ही हकिकत आहे ते दोघं. जाईबाईचा नवरा धोंडिराम आणि त्याचा दोस्त ज्ञानू. गुरं राखताना झालेली त्यांची दोस्ती. धोंडिराम गावातला, ज्ञानू गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. ज्ञानूनं ओट्यावर चढायचं नाही, अशी तेव्हा रीत होती. लाजिरवाणी रीत होती, पण गावात कोणाला तिची लाज वाटत नव्हती. मग धोंडिराम वाघ घेऊन वर बसायचा आणि ज्ञानू ओट्याच्या कडेला खाली उभा राहून तोंडानं चाल सांगायचा. "मधली बकरी एक घर फुडं." ती बकरी धोंडिरामच सरकवायचा. म्हणजे धोंडिराम आपल्याच हातानं स्वतःला हरवून घ्यायचा, कारण ज्ञानू फार चिवट खेळायचा. आपणहून एकही बकरी द्यायचा नाही. एखादी गेलीच तर घरातली शेळी लांडग्यानं नेल्यासारखा हळहळायचा.

आबाच्या डावाच्या वेळीही ज्ञानू खाली उभा राहून बघायचा. आबाची प्रत्येक चाल त्यानं तिथंच शिकून घेतली. एकदा आबाशी खेळणाऱ्याला एक सोपी उडी दिसेना. लहानग्या ज्ञानूला राहवलं नाही. त्यानं हात लांब करून दाखवलं आणि त्याच्या बोटाचं टोक वाघाला लागलं. मलाही लागलं. उबदार, धुळीनं माखलेलं बोट होतं. आबानं शेजारचा तांब्या उचलला, सगळं पाणी माझ्यावर ओतलं, धोतराच्या सोग्यानं मला पुसलं आणि मग पुढची चाल केली. मला कोणाच्या बोटाचा कधी त्रास झाला नव्हता, पण मला कोणी विचारलं नाही. ज्ञानू त्यानंतर मोठा झाला तरी एकच बोलायचा, की एकदा आबाला आपल्यासंगं बसवणार आणि हरवणार. आबा त्याच्यासंगं कधीच बसला नाही.

छपन्न साली ज्ञानूची सगळी वस्ती बौद्ध झाली. त्यानंतर ज्ञानू मान वर करून चालायला लागला, असं मी लोकांच्या बोलण्यात ऐकलं. ओट्याकडं तो फिरकेनासा झाला. देव त्याचा राहिला नव्हता, आणि ज्या ओट्यानं त्याला कधी वर घेतलं नाही त्याच्याशी त्याला काय करायचं होतं? मला वाईट वाटलं, पण त्याचं बरोबर होतं.

मग धरणाची बातमी आली. लोकांनी कौलं उतरवली, वासे काढले, भैरोबाला पालखीत घालून वरच्या डोंगरावर नव्या वस्तीत नेलं. आबा हलायला तयार नव्हता. गाव रिकामं होत होतं आणि तो एकटाच माझ्यापुढं बसून दोन्ही बाजूंनी खेळत होता. एका भर दुपारी त्यानं कोपऱ्यातल्या बकरीवर बोट ठेवलं. बकरी अर्धी खळग्याबाहेर आली, आणि ते बोट माझ्यावरच गार झालं. लोक आले, आबाला उचलून घेऊन गेले. उचलताना कोणाच्या तरी धोतराचा सोगा लागून गारगोट्या विखुरल्या. आबाचा शेवटचा डाव असा अर्धा राहिला.

आणि पाणी आलं. ते काही लोंढ्यानं आलं नाही. रोज थोडं थोडं, आवाज न करता चढलं. आधी पायऱ्या गेल्या, मग मी गेलो. वर गाळ बसला. मला वाटलं, आपलं संपलं.

पण पाण्याखाली काही दिवसांनी मला बोट लागलं. पाण्याचा गारवा सगळीकडून सारखा असतो. हा तसा नव्हता. एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढा गारवा होता आणि तो खळग्याखळग्यातून फिरत होता. गाळात चाचपून बकऱ्या शोधत होता. बकऱ्या नव्हत्याच. फिरून फिरून तो देवळाकडच्या बाजूला जाऊन थांबायचा. मी दगड आहे, मला भीती कशाची वाटणार? तरीसुद्धा ते बोट आलं की मला पाणी नकोसं व्हायचं.

पहिल्याच उन्हाळ्यात पाणी ओसरलं आणि धोंडिराम डोंगरावरून उतरून आला. ज्ञानू तोवर पार सांगलीला गेला होता. विश्रामबागेजवळच्या एका लाकडाच्या वखारीत त्याला काम मिळालं होतं. तोही आला. एस.टी.नं सातारला येऊन, गाडी बदलून, पुढं कोरड्या पडलेल्या नदीच्या पात्रातून चालत. दोघांना बुडालेलं गाव बघायचं होतं. घरांचे नुसते पाये उरले होते. बघून झाल्यावर धोंडिरामानं माझ्यावरचा गाळ हातानं पुसला, नव्या गारगोट्या आणि खापरं वेचून मांडली.

"ये की वर," तो ज्ञानूला म्हणाला.

"आता वर येऊन काय करू? देव बी न्हाई, गाव बी न्हाई," ज्ञानू म्हणाला, आणि लहानपणच्या जागी खालीच उभा राहिला. पण या वेळी बकरी त्यानं स्वतःच्या हातानं हलवली. धोंडिरामानं आपला हात मागं घेतला. किती वर्षांनी ती ऊब मला लागली होती.

तेव्हापासून दर उन्हाळ्याला ते येऊ लागले, आणि त्यांनी एक पद्धत पाडली. डाव मुद्दाम अर्धा ठेवायचा. पुढची चाल कोणाची ते ठरवून, गारगोट्या जागच्या जागी ठेवून घरी जायचं. चाल राहिलेली असली म्हणजे माणूस पुढच्या वर्षी येतोच, असं त्यांचं म्हणणं. दोन दोस्तांच्या मायेतून निघालेली पद्धत होती, त्यांना कसा दोष देऊ? पण ते गेले, पाणी चढलं, आणि गार बोटाला या वेळी बकऱ्या सापडल्या. एकेक बकरी त्यानं चाचपून बघितली. हलवली मात्र एकही नाही. एकट्यानं खेळणं त्याला पुरे झालं असावं. त्याला समोर माणूस हवा होता.

सदुसष्टच्या डिसेंबरात भूकंप झाला. तुम्ही वरच्या जमिनीचं ऐकलं असेल. मी पाण्याच्या तळाशी होतो. सगळं खोरं माझ्याखाली गुरगुरलं, देवळाची उरलेली भिंत पडली आणि तिचे दगड माझ्या देवळाकडच्या बाजूला येऊन रचले गेले. तिथं आता माणूस बसेल एवढीसुद्धा जागा राहिली नाही. डोंगरावर धोंडिरामाचं घर पडलं. तो आणि जाईबाई बचावले आणि पत्र्याच्या छपरात राहायला गेले. कोणाचा निरोप कोणाला पोचेना. अशात एस.टी.त ऐकलेली एक गोष्ट कोणीतरी वस्तीवर आणली, की सांगलीच्या वखारीत अंगावर ओंडका पडून एक माणूस मेला. नाव सांगणाऱ्याला माहीत नव्हतं.

तो उन्हाळा आला. धोंडिराम एकटा आला. मला पुसलं, अर्धा डाव बघितला. चाल ज्ञानूची होती. देवळाकडं दगड पडलेले, म्हणून तो ओट्याच्या कडेला पाय सोडून बसला आणि वाट बघू लागला. रोज यायचा आणि बसायचा. एका दुपारी वारा पडला होता, एक पाखरू बोलत नव्हतं. धोंडिरामाचा डोळा लागला. तेव्हा त्या पडलेल्या दगडांच्या बाजूनं गारवा आला, कोपऱ्यातल्या बकरीवर टेकला, आणि बकरी पुढच्या खळग्यात गेली. भर उन्हात, तापलेल्या दगडावर.

धोंडिराम जागा झाला. हललेल्या बकरीवरून त्यानं बोट फिरवलं. मग त्यानं आजूबाजूला हाका मारल्या, पडक्या पायांतून फिरून आला. चिखलात त्याला स्वतःच्या पावलांखेरीज पाऊल सापडलं नसावं. तो परत येऊन बसला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मेलास तर मेलास गड्या. खेळाया आलास, लय बरं केलंस." आणि वाघाची उडी मारली.

मित्रांनो, मला तेव्हा तोंड असतं तर मी ओरडलो असतो. ज्ञानूनं जन्मात कोपऱ्यातली बकरी दिली नव्हती, हे धोंडिरामाइतकं कोणाला ठाऊक होतं? पण ज्याला आपलं माणूस परत हवं असतं, तो समोरची चाल नीट बघत नाही. डाव चालू आहे तोवर ज्ञानू कुठंतरी आहे, एवढंच त्याला कळत होतं.

रोज दुपारी बकरी हलू लागली. धोंडिराम तिच्याशी घरच्या गोष्टी बोलायचा. पहिल्यांदा तो ऊन कलल्यावर उठून जायचा. नंतर उठायला उशीर होऊ लागला, कारण वाघावर ठेवलेला त्याचा हात जड व्हायचा. मला कारण कळत होतं. त्याच्या मनगटावर दुसरा हात होता. जाईबाई भाकरी घेऊन यायची, तिला नवऱ्याचा हात दिसला. उन्हात बसलेल्या माणसाचा हात, पण दिवसभर पाण्यात भिजल्यासारखा पांढरा आणि सुरकुतलेला. आदल्या दिवशीची भाकरी फडक्यात तशीच पडून होती.

"आवं, त्यो ज्ञानूभावजी न्हाई," ती म्हणाली. "भावजी आसते तर आदी माझ्या हातचं कालवण मागितलं आसतं."

"तू जा. डाव पुरा झाल्याबिगर उठायचं न्हाई," धोंडिराम म्हणाला.

हे वाक्य नवऱ्याचं नाही, हे तिला लगेच कळलं. तिनं वाद घातला नाही. मेला असेल तर त्याच्या घरी डोळ्यांनी बघून येईन, जिवंत असेल तर घेऊन येईन, असं ती स्वतःशीच बोलली आणि निघून गेली. उभ्या आयुष्यात साताऱ्याच्या पलीकडं न गेलेली बाई, वखारीचं नाव माहीत नसताना एकटीच सांगलीच्या गाडीत बसली.

इकडं नदीच्या उगमाला, महाबळेश्वराकडं पाऊस लागला होता. आमच्यावर आभाळ कोरडं होतं, पण पाणी चढायला लागलं. आधी शेतांचे बांध गेले, मग गावाची वाट गेली, मग ओट्याची खालची पायरी. धोंडिराम आता घरी जातच नव्हता. तीनपैकी दोन वाघ कोंडले होते, तिसऱ्याला मोजकीच घरं उरली होती. त्याला हरायची भीती नव्हती. डाव संपला की ज्ञानू जाईल, ही भीती होती. म्हणून तो एकेका चालीला तासन्‌तास लावायचा, आणि पाण्याला तेवढंच हवं होतं.

पाणी वरच्या पायरीला लागलं त्या दुपारी मला दगडावर लाकूड आपटल्याचा आवाज ऐकू आला. थांबत थांबत, पाण्यातून येणारा. कुबडीचा आवाज होता. बरोबर जाईबाईच्या बांगड्या; एकेक वखार विचारत तिनं ज्ञानूला शोधून आणलं होतं. ओंडका ज्ञानूच्याच अंगावर पडला होता, पण त्याचा नुसता पाय मोडला होता. मेला होता तो दुसराच कोणी. ज्ञानू गुडघाभर पाण्यात येऊन आपल्या जुन्या जागी उभा राहिला.

"जयभीम, धोंड्या."

धोंडिरामानं मानसुद्धा वर केली नसावी. "तू तर हितंच हायस की," तो म्हणाला. "रोज खेळतोयास."

ज्ञानू माझ्यावर वाकला. त्याचा श्वास माझ्यावर आला. तो डाव बघत होता. मग त्यानं विचारलं, "कोपऱ्यातली बकरी कुणी दिली रं?"

धोंडिरामानं वाघ आणखीच घट्ट धरला.

"मी कवाच बकरी दिली न्हाई. तुला ठावं हाय. ह्या माझ्या चाली न्हाईत, गड्या. आबाच्या हायेत."

तेव्हा धोंडिरामानं मान वर केली असावी, कारण त्याच्या तोंडून एक हुंदका बाहेर पडला. त्यानं उठायचा प्रयत्न केला. हात वाघावरून निघेना. जाईबाईनं त्याला मागून धरून ओढलं, तरी निघेना. आणि पाणी माझ्या कडेवरून आत आलं.

ज्ञानूनं कुबडी टाकली. ओट्याच्या कडेवर दोन्ही हात टेकले, मोडका पाय ओढत वर चढला, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापुढं बसला. त्यानं आपलं बोट धोंडिरामाच्या बोटाशेजारी, त्याच वाघावर ठेवलं. लहानपणी लागलेली तीच ऊब. मनगटावरचा गारवा चटका बसल्यासारखा मागं सरला. धोंडिरामाचा हात सुटला.

"आता वाघ माझे," ज्ञानू त्या दगडांच्या ढिगाकडं तोंड करून बोलला. "आबा, माझ्यासंगं बसा. ल्हानपणापास्नं वाट बघतोय. तुमचीच रीत हाय, अर्ध्यातनं उठायचं न्हाई." आणि त्यानं वाघ एक घर सरकवला.

आता चाल बकऱ्यांची होती. पाणी माझ्या पायाकडच्या खळग्यांतून बुडबुडत होतं. गार बोट बकरीवर होतं. बकरी हलली नाही. मी वाट बघितली, ज्ञानूनं वाट बघितली. मग तो गारवा एकेका खळग्यातून निघून गेला. आधी कोपऱ्यातून, मग मधल्या रेघांवरून, शेवटी देवळाकडच्या शेंड्यावरून. दगडांच्या ढिगातून एक दगड घरंगळून पाण्यात पडला, आणि मला ऊन लागलं.

"उठला," ज्ञानू म्हणाला. "आबा उठला. त्याच्याच रितीनं हरला."

असं म्हणून तो हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, आणि तो मोठ्या माणसाचा नव्हता, तांब्याचं पाणी अंगावर उडालेल्या पोराचा होता. "मेल्यावर बी न्हाई बसला माझ्यासंगं."

धोंडिराम पडलेले दगड दोन्ही हातांनी बाजूला लोटू लागला. बसण्यापुरती जागा केली आणि देवळाकडच्या बाजूला, आबाच्या जागी, पाण्यात मांडी घालून बसला. "मी बसतो की," तो म्हणाला. "चाल माझी हाय न्हवं?" जाईबाई पाणी बघा म्हणत होती, तरी तीही थांबली. डाव अर्धा ठेवून जाण्यात काय धोका आहे, हे आता तिलाही कळलं होतं. भराभर चाली झाल्या. शेवटचा वाघ कोंडला गेला तेव्हा ज्ञानूनं मला थाप मारली आणि म्हणाला, "हरलो गड्या." आणि तेव्हा मात्र तो हसला. तिघांनी सगळ्या बकऱ्या आणि वाघ जाईबाईच्या ओच्यात गोळा केले. धोंडिरामानं ज्ञानूला पाठीवर घेतलं, जाईबाईनं कुबडी घेतली, आणि पाण्यातून पावलांचा आवाज लांब गेला. माझ्यावर एकही गारगोटी राहिली नव्हती.

त्यानंतरच्या, म्हणजे यंदाच्या उन्हाळ्यात ते पुन्हा आले. गारगोट्या पिशवीतून आणल्या. ज्ञानू वर बसला. रोज डाव मांडायचे, रोज पुरा करायचे, आणि गारगोट्या पिशवीत भरून न्यायचे. पुढच्या वर्षी यायला अर्धा डाव लागत नाही, दोस्त असला की पुरतं, हे त्यांचं त्यांनाच कळलं होतं. जाईबाईनं एकदा दोघांनाही हरवलं, तेव्हा तिच्यापुढं बसायला दोघं कुरकुरू लागले.

आता ते गेलेत, पाणी चढलंय, आणि मी पुन्हा तळाशी आहे. ते बोट अजून येतं. फरक एवढाच, की ते आता देवळाकडून येत नाही. ओट्याच्या कडेला, खालच्या बाजूनं येतं, जिथं ज्ञानू लहानपणी उभा राहायचा तिथून. माझ्या कडेला टेकतं आणि तिथंच थांबतं. वर येत नाही. कोणी बोलावतं का, याची वाट बघत असावं. ज्ञानूनं त्याला बोलवावं की नाही, हे मी सांगणार नाही. मला तो अधिकार नाही.

तुम्हाला मात्र सांगतो, मित्रांनो. उन्हाळ्यात कधी या बाजूला आलात, ओटा उघडा दिसला, तर माझ्यावरचा गाळ पुसा आणि खुशाल खेळा. घरची माणसं घेऊन या, दोस्त घेऊन या, एकट्यानं खेळू नका. मांडलेला डाव पुरा करा आणि गारगोट्या उचलून न्या. आणि खेळताना कोणी कडेला उभं राहून बघत असेल, तर त्याला वर बोलवा, आपल्यासमोर बसवा. जिवंत आहात तोवरच बसवा. नाहीतर मागाहून फार वाट बघावी लागते, आणि इथलं पाणी फार गार आहे.